प्रत आपली, परवाना परक्याचा

शाळा उघडण्याचे दिवस आले की इंदूरच्या खजुरी बाजारात जुन्या क्रमिक पुस्तकांची देवघेव सुरू होते. सातवी उत्तीर्ण झालेल्या मुलाची पुस्तके सहावीतून वर चढलेल्या मुलाच्या हाती जातात. पहिल्या पानावरचे जुने नाव खोडून त्याखाली नवे नाव येते, समासातल्या पेन्सिलीच्या खुणा मात्र तशाच राहतात. ह्या व्यवहारात लेखकाला वा प्रकाशकाला एका पैचाही लाभ होत नाही, तरी त्यास कोणी चोरी म्हणत नाही. उलट ज्या घरी तीन मुले शिकतात त्या घराला हा बाजार म्हणजे मोठाच आधार असतो. हा रिवाज आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की, त्याच्या पाठीशी कायद्याचे एक तत्त्व उभे आहे आणि त्या तत्त्वासाठी कोणी तरी कधी तरी न्यायालयात झगडलेले आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

हा विषय आज घेण्यास निमित्त झाले ते देवासच्या एका वाचकांच्या पत्राचे. हे गृहस्थ अनेक वर्षे छपाईचा व्यवसाय करीत होते. लग्नपत्रिका, स्मरणिका, मंडळांचे वार्षिक अहवाल अशी मराठी-हिंदी कामे त्यांच्याकडे होत. आता वयोमानाने ते व्यवसाय आवरता घेत आहेत. यंत्रे विकली गेली. उरले तीन संगणक आणि पानांच्या मांडणीची व देवनागरी अक्षरजुळणीची काही सॉफ्टवेअरे. ही सॉफ्टवेअरे त्यांनी त्या काळी चांगले दाम मोजून घेतली होती. पावत्या आहेत, खोकी आहेत, तबकड्या आहेत आणि संगणकाच्या मागे लावावयाचे ते लहानसे कुलूपही आहे. ती विकावीत म्हणून ते एका दुकानदाराकडे गेले, तेव्हा तो हसला व म्हणाला, "काका, ह्या डब्यांचे पैसे कोण देणार? हेच सॉफ्टवेअर मी कोणालाही फुकटात चढवून देतो." पुढे त्यांच्या पुतण्याने आणखी एक शंका काढली की, मुळात हे विकणेच बेकायदा आहे, कारण खोक्यातील करारपत्रात तशी मनाई आहे. "ज्याने दाम मोजले त्याला विकण्याची बंदी, आणि ज्याने चोरले तो उघड्यावर वाटतो, हा कुठला न्याय?" असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नाही.

प्रथम पुस्तकाची कथा पाहू. अमेरिकेतील बॉब्स-मेरिल नावाच्या प्रकाशकाने 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली आणि तिच्या आत एक सूचना छापली. पुस्तकाची किंमत एक डॉलर असून त्याहून कमी दराने कोणी विकल्यास तो प्रताधिकाराचा भंग समजला जाईल, असा तिचा आशय होता. न्यू यॉर्कच्या मेसी ह्या प्रसिद्ध दुकानाचे मालक स्ट्रॉस बंधू ह्यांनी ती सूचना मनावर घेतली नाही. ते पुस्तक ८९ सेंटला विकू लागले. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ साली निर्णय लागला तो दुकानदाराच्या बाजूने. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, ग्रंथाच्या प्रती काढण्याचा व त्या प्रथम विकण्याचा अधिकार प्रकाशकाचा. परंतु एकदा प्रत विकून तिचे मोल पदरात पडले की त्या प्रतीवरचा त्याचा हात सुटला. ग्रंथ त्याचा, प्रत तुमची. कायद्याचे पंडित ह्यास प्रथम विक्रीचे तत्त्व म्हणतात.

हे तत्त्व किती दूरवर पोहोचते ह्याचा प्रत्यय २०१३ साली आला. सुपाप कीर्तसेंग हा थायलंडचा तरुण अमेरिकेत शिकत असताना त्याचे नातलग मायदेशी स्वस्त मिळणारी तीच इंग्रजी पाठ्यपुस्तके विकत घेऊन त्याला पाठवीत व तो ती अमेरिकेत विकी. प्रकाशकाने दावा लावला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी विद्यार्थ्याची बाजू उचलून धरली. ज्यांची मुले परदेशी शिकावयास गेली आहेत त्यांना ही गोष्ट लगेच उमगेल. भारतीय आवृत्तीच्या मलपृष्ठावरील 'केवळ अमुक देशांत विक्रीसाठी' ही ओळ त्यांच्या परिचयाची असेल.

मग सॉफ्टवेअरच्या बाबतीत घोडे पेंड खाते ते कोठे? खजुरी बाजारात पुस्तक विकणाऱ्या मुलाजवळ विक्रीनंतर पुस्तक उरत नाही. संगणकावरचे सॉफ्टवेअर मात्र विकूनही विक्रेत्याजवळ जसेच्या तसे राहू शकते. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा तसे ते आहे, लावणाऱ्याचा प्रकाश काही कमी होत नाही. ही भीती ओळखूनच कंपन्यांनी एक युक्ती योजली. आम्ही तुम्हांस वस्तू विकतच नाही, केवळ वापरण्याचा परवाना देतो, असे त्या म्हणू लागल्या. आपल्याकडील वाड्यांची भाषा वापरायची तर ग्राहक हा घरमालक नव्हे, बिऱ्हाडकरू. मुंबईत पागडी मोजून खोली घेणाराही घराच्या किमतीजवळ जाणारी रक्कम देतो व तरीही मालक होत नाही, तशातलाच हा प्रकार.

ही युक्ती निव्वळ लबाडीची आहे असे मात्र कोणी समजू नये. तिच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेतील प्रोसीडी नावाच्या कंपनीने तीन हजारांहून अधिक दूरध्वनी-निर्देशिकांतील माहिती एकत्र करून तबकड्यांवर आणली होती. त्यासाठी तिला एक कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. घरगुती ग्राहकाला हा संच सुमारे १५० डॉलरला मिळे, व्यापाऱ्याला अधिक मोल पडे. झायडेनबर्ग नावाच्या एका गृहस्थाने घरगुती दराचा संच घेतला आणि त्यातील माहिती पैसे घेऊन लोकांस पुरविण्याचा धंदा मांडला. १९९६ साली अपील न्यायालयाने ठरविले की, खोक्यातील करारपत्र त्याच्यावर बंधनकारक आहे, कारण ते वाचून पटले नाही तर माल परत करण्याची मुभा त्यास होती. ह्यातले मर्म ध्यानात घेतले पाहिजे. विद्यार्थ्याला स्वस्त आणि कारखानदाराला महाग असे दोन दर ठेवावयाचे, तर स्वस्तातला माल महागाच्या बाजारात जाणार नाही अशी तजवीज करावीच लागते. आपल्या मुलाला विद्यार्थी-सवलतीत एखादे सॉफ्टवेअर मिळते तेव्हा त्या सवलतीची किंमत म्हणजेच ती अट होय. सवलत घ्यावयाची आणि अट मोडावयाची, हा व्यवहार सरळ म्हणता येणार नाही.

आता प्रत्यक्ष जुन्या सॉफ्टवेअरच्या विक्रीचा खटला. टिमोथी व्हर्नर हा अमेरिकेतील एक किरकोळ विक्रेता. एका वास्तुशिल्पी कंपनीकडून त्याने ऑटोकॅड ह्या आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या तबकड्या विकत घेतल्या व तो त्या ईबेवर विकू लागला. ऑटोडेस्क कंपनीने आक्षेप घेतला. खालच्या न्यायालयाने व्हर्नरला मालक मानले. पण २०१० साली अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. करारात परवाना असे म्हटलेले आहे, हस्तांतरावर बंदी आहे, वापरावर निर्बंध आहेत, तेव्हा मूळ ग्राहक हा परवानाधारक होता, मालक नव्हता; आणि जो स्वतः मालक नाही तो दुसऱ्यास मालकी कशी देणार, असा तो युक्तिवाद.

ह्या खटल्यात पुष्कळांची सहानुभूती व्हर्नरकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. त्याने कोणताच करार केलेला नव्हता, कोणती प्रत चोरलेली नव्हती. परंतु एक तपशील बहुधा नजरेआड होतो. त्या वास्तुशिल्पी कंपनीने नवी आवृत्ती बरीच सवलत घेऊन खरेदी केली होती, आणि जुन्या प्रती नष्ट करावयाच्या अशी त्या सवलतीची अट होती. तिने सवलतही घेतली आणि जुन्या प्रतीही विकल्या. जुनी भांडी मोडीत घालून नव्या भांड्यांवर सूट घ्यावी आणि मागल्या दाराने तीच भांडी पुन्हा बाजारात न्यावीत, तसे हे झाले. शब्द मोडला तो मूळ ग्राहकाने. नुकसान सोसले ते बिचाऱ्या व्हर्नरने.

युरोपने मात्र ह्याच प्रश्नाला निराळे उत्तर दिले. यूज्डसॉफ्ट ही जर्मन कंपनी वापरलेले परवाने विकत घेऊन पुढे विकण्याचा धंदाच करी. ओरॅकल कंपनीने तिच्यावर दावा लावला. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला तो असा : ग्राहकाने पुरते मोल देऊन कायमच्या वापराचा अधिकार मिळविला असेल, तर कागदावर परवाना म्हटले तरी ती विक्रीच होय. मग माल तबकडीवरून येवो की तारेवरून, पुढे विकण्यास कंपनीला हरकत घेता येणार नाही. मात्र न्यायालयाने दोन अटी घातल्या. विकणाऱ्याने आपल्याजवळची प्रत निकामी केली पाहिजे. आणि पंचवीस जणांसाठी एकत्र घेतलेला परवाना तुकडे पाडून विकता येणार नाही. पुढे २०१६ साली त्याच न्यायालयाने असेही सांगितले की, मूळ तबकडी खराब झाली म्हणून स्वतः काढून ठेवलेली जादा प्रत कंपनीच्या संमतीवाचून विकता येणार नाही.

आपल्या देशातील स्थिती काय? आपला प्रताधिकार कायदा १९५७ सालचा; १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलींना त्यात वाङ्मयकृतींच्या पंक्तीत स्थान मिळाले. पुस्तकासंबंधी हा कायदा सांगतो की, जी प्रत एकदा लोकांत गेली तिच्यापुरता प्रकाशकाचा वितरणाचा अधिकार संपला. परंतु आज्ञावलीसंबंधी १९९४ च्या दुरुस्तीत, प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो, विक्रीचा अधिकार प्रताधिकाराच्या धन्याचाच, असे शब्द घातले गेले. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. शब्द घालणे आणि मग मुद्दाम काढणे, ह्याला अर्थ असतो. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात, बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा विक्रीकरापुरता 'माल' आहे असे ठरविले. पुढे २ मार्च २०२१ रोजी आयकराच्या एका मोठ्या खटल्यात त्याच न्यायालयाने, प्रताधिकार ही एक गोष्ट आणि त्या कृतीची प्रत ही दुसरी, असा भेद स्पष्ट केला. ग्राहक परदेशी कंपनीला मोजतो ते प्रतीचे मोल, प्रताधिकाराचे नव्हे, असे त्या निकालाचे सार आहे. हे दोन्ही निकाल करासंबंधीचे आहेत, पुनर्विक्रीसंबंधीचे नाहीत, हे विसरता कामा नये. तरी सामान्य माणसाच्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. कर घेताना जो माल ठरतो तो पुढे विकताना केवळ परवाना कसा होतो?

आता देवासच्या वाचकांच्या प्रश्नाकडे वळतो. माझ्या मते त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, करारपत्र. काही कंपन्या हस्तांतरास मुभा देतात. कंपनीस कळवावे व मूळ खोके, तबकडी, कुलूप सारे एकत्र द्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे असते. अशी सोय असेल तर प्रश्नच मिटला. मनाई असेल तर कंपनीकडे लेखी विचारणा करावी. पत्राला दमडी खर्च होते आणि मन निश्चिंत राहते. दुसरी गोष्ट, संगणकासोबत आलेले सॉफ्टवेअर. त्याचा परवाना सामान्यतः त्या यंत्रालाच बांधलेला असतो. यंत्र विकले तर त्याच्यासोबत तो जातो, वेगळा काढून विकता येत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सॉफ्टवेअर दिले की आपल्याकडची प्रत पुसलीच पाहिजे. ही अट एखाद्या कंपनीने लिहिली नसती तरी सदसद्विवेकाने लिहिली असती. विकलेली गाय आपल्याच गोठ्यात बांधून ठेवून दूध काढता येत नाही.

त्या दुकानदाराबद्दल काय म्हणावे? 'फुकट ते पौष्टिक' ही आपली म्हण अशा लोकांच्याच तोंडी शोभते. कायद्याचे ६३-ब हे कलम सांगते की, अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असूनही जो ती संगणकावर वापरतो त्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वा लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कारावास न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. परंतु कायद्याचा बडगा क्षणभर बाजूस ठेवू. देवनागरी अक्षरजुळणीची आज्ञावली तयार करण्यासाठी काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि शेकडो जोडाक्षरे ह्यांचा एकेक करून विचार करणारे लोक आपल्यातलेच होते. त्यांच्या कामाची ग्राहकसंख्या मुळातच लहान. इंग्रजी सॉफ्टवेअरची एक प्रत चोरली गेली तर हत्तीच्या अंगावरचा केस गेला. मराठी सॉफ्टवेअरची चोरली गेली तर गरिबाच्या घरचा माठ फुटला. आपल्या भाषेत साधने नाहीत म्हणून तक्रार करावयाची आणि जी होती त्यांची नक्कल फुकट वाटावयाची, ही दोन्ही कामे एकाच तोंडाने होऊ नयेत.

कोणी म्हणेल, दाम देणे परवडत नाही आणि चोरी करवत नाही, त्याने काय करावे? त्यालाही मार्ग आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली असा विचार मांडला की, सॉफ्टवेअर वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व दुसऱ्यास देण्याचे स्वातंत्र्य ग्राहकास असावे. १९८९ साली त्यांनी ह्या स्वातंत्र्याची हमी देणारा परवाना लिहिला. गंमत पाहा, तोही परवानाच, आणि त्याचा आधारही प्रताधिकाराचाच. परंतु इतर परवाने हात बांधतात तर हा हात मोकळे करतो. तो प्रत काढण्यास, वाटण्यास, इतकेच नव्हे तर विकण्यासही मुभा देतो. मात्र ज्यास द्याल त्यासही तेच स्वातंत्र्य द्या, अशी अट घालतो. केरळच्या सरकारी शाळांनी अशी मुक्त सॉफ्टवेअरे वर्गात आणली आहेत. सरकारी शाळेत आयुष्य काढलेला शिक्षक म्हणून मला त्यातला मोठा लाभ पैशाचा वाटत नाही. ज्या खोलीत आपण मुलांना 'चोरी करू नये' असे शिकवितो, त्याच खोलीतील संगणकावर चोरीची प्रत असू नये, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबला, तेव्हा अनेक घरांतील धडधाकट संगणक अडगळीत जाण्याच्या वाटेवर लागले. अशा संगणकांवर लिनक्स घालून ते शेजारच्या होतकरू मुलास द्यावेत, ह्याहून चांगली पुनर्विक्री कोणती?

हा झाला सॉफ्टवेअरचा विचार. परंतु परवान्याची ही पद्धत आता पुस्तकांच्या कपाटापर्यंत येऊन पोहोचली आहे, आणि मला खरी चिंता वाटते ती तेथे. २००९ साली अमेरिकेत ॲमेझॉनने वाचकांनी विकत घेतलेली काही पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून घेतली. ती विकणाऱ्यास तसा अधिकार नव्हता, म्हणून पैसे परत करण्यात आले. पण पुस्तक गेले ते गेलेच. त्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलचे '१९८४' होते, हा दैवदुर्विलास. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हाही ग्राहकांना पैसे मिळाले, पुस्तके राहिली नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने, सॉफ्टवेअरला लावलेला पुनर्विक्रीचा न्याय ई-पुस्तकांना लावण्यास नकार दिला. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून एवढे तरी केले की, केवळ परवाना देणाऱ्या दुकानदाराने 'विकत घ्या' असे म्हणताना ती मालकी नव्हे हे ग्राहकास स्पष्ट सांगितले पाहिजे.

वाचकहो, महाराष्ट्राबाहेर आपली मराठी टिकली ती कशावर, ह्याचा थोडा विचार करा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, कोठेही पाहा. कोणी तरी आपला ग्रंथसंग्रह मंडळाच्या वाचनालयास दिला, कोणी पुण्याहून आणलेली कादंबरी दहा घरांत फिरविली, कोणी आजोबांची ज्ञानेश्वरी नातवाच्या हाती ठेवली. हे सारे शक्य झाले ते प्रत आपली होती म्हणून. परवाना देणगी देता येत नाही, वारसाहक्काने नातवाकडे जात नाही, वाचनालयाच्या फडताळातही ठेवता येत नाही. ई-पुस्तके वाचू नयेत असे मी म्हणत नाही. प्रवासात व अधू दृष्टीला ती वरदानच आहेत. परंतु जे मराठी पुस्तक घरात राहावे असे मनापासून वाटते, ते कागदावर घ्यावे, किंवा ज्यास कुलूप नाही अशा रूपात घ्यावे. आणि मराठी प्रकाशकांनाही तसे आग्रहाने कळवावे.

दाम देताना आपण प्रत घेतो आहोत की परवाना, एवढा एक प्रश्न प्रत्येक खरेदीच्या वेळी विचारण्याची सवय मुलांना लावावी. परवाना असेल तर त्यातील शब्द पाळावा, आणि प्रत असेल तर ती पुढच्या हाती द्यावी.